शेतातली कुणबी साडी रॅम्पवर नेणारे वेंडेल रॉड्रिक्स कोण होते?

गोव्यात भातशेतीत राबणाऱ्या कुणबी-गावडा बायका लाल-पांढऱ्या चौकड्यांची आखूड सुती साडी खांद्यावर गाठ मारून नेसायच्या. गोव्यातले हातमाग बंद पडत गेले आणि ही साडीही दिसेनाशी झाली.

ती पुन्हा विणून घेतली फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी.

१९६० साली गोवेकर कुटुंबात जन्मलेले वेंडेल मुंबईत वाढले. केटरिंग शिकून ते ओमानला नोकरीला गेले. तिथे साठवलेल्या पैशांतून त्यांनी अमेरिका आणि फ्रान्समध्ये फॅशनचं शिक्षण घेतलं.

फॅशनचा बाजार मुंबई-दिल्लीत, पण वेंडेल १९९३ मध्ये गोव्यातल्या कोलवाळ गावी राहायला गेले. भरजरी कपड्यांच्या काळात त्यांनी सैल, साधे, हवेशीर कपडे केले. गोव्याच्या पेहरावाचा इतिहास शोधून 'मोडा गोवा' हे पुस्तक लिहिलं. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

शेवटची काही वर्षं ते कोलवाळमधल्या आपल्या जुन्या घरात गोव्याच्या पेहरावाचं संग्रहालय उभारत होते. ते पूर्ण होण्याआधीच, फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांचं निधन झालं. कुणबी साडी मात्र आज पुन्हा नेसली जाते.