घाट उतरताना

घाट ज्या गिअरमध्ये चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा, असे जुने ड्रायव्हर सांगतात. पदार्थविज्ञानाचे पुस्तक हाती न धरलेल्या माणसांचा हा नियम मला आपल्या पाठ्यपुस्तकातील कितीतरी उदाहरणांपेक्षा बोलका वाटतो.

बेळगावाहून सावंतवाडीस जाताना आंबोली लागते. समुद्रसपाटीपासून ती सुमारे 690 मीटर उंच आहे. तेथून खाली येताना गाडी, समजा, 500 मीटर उतरली. हजार किलो वजनाच्या गाडीची सुमारे 50 लाख ज्यूल स्थितिज ऊर्जा कमी झाली. ती गेली कोठे? वेग तर वाढू दिलेला नाही. म्हणजे उष्णता होण्यावाचून तिला गत्यंतर नाही. एवढ्या उष्णतेत पंधरा लिटर थंड पाणी सहज उकळेल!

दुसऱ्या तऱ्हेने पाहू. ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी जागच्या जागी थांबवायची, तर जी ऊर्जा जिरवावी लागते ती सुमारे 14 मीटर उंचीवरून उतरण्याइतकी असते. (वजन दोन्ही बाजूंनी कटते, गणित वाचकांनी करून पाहावे.) तेव्हा 500 मीटरांचा उतार म्हणजे भरधाव गाडी लागोपाठ पस्तीस वेळा थांबवण्यासारखे झाले. टायरांचे घर्षण आणि हवेचा रोध यांत काही वाटा जातो. बाकीचा भार ब्रेकवर.

ब्रेक बिचारा मुकाट्याने तापतो. लायनर फार तापला की त्याचे घर्षण कमी होते, म्हणून आपण पाय आणखी जोराने दाबतो. त्याहून वाईट गोष्ट ब्रेक ऑइलची. ते हवेतली ओल शोषून घेते, त्यामुळे जुने झाले की कमी तापमानाला उकळते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पॅडल तळाशी जाते आणि गाडी थांबत नाही.

खालच्या गिअरमध्ये हे काम इंजिन वाटून घेते. ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोल इंजिनातील हवेची वाट जवळजवळ बंद होते. चाके इंजिनाला फिरवतात आणि दट्ट्यांना त्या बारीक फटीतून हवा ओढावी लागते. हीच ओढ गाडीला मागे धरते. गिअर जितका खालचा, तितके चाकाच्या एका फेऱ्यात इंजिनाचे फेरे अधिक आणि ओढही अधिक. डिझेल इंजिनात हवेची वाट अशी बंद होत नसते, म्हणून मोठ्या ट्रकांना धुराच्या नळीत झडप बसवून एक्झॉस्ट ब्रेक देतात.

पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे महाभाग अजून भेटतात. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना पाय काढला की इंधन बहुधा पूर्ण बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते जळतच राहते. मग बचत ती कसली? इंजिनच बंद करणारे तर धन्यच. ब्रेकला जोर देणारी निर्वात पेटी दोन-तीन दाबांतच रिती होते.

उतारावर जळका वास आला, तर सुरक्षित जागा पाहून थांबावे आणि वाऱ्याला आपले काम करू द्यावे. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये. एकाएकी आकसून ओतीव लोखंडाला तडा जाऊ शकतो.