विद्रावक आणि सहबहुवारिकांची घडण

स्टायरीन आणि मिथिल मेथॅक्रिलेट हे दोन द्रव मिसळून, हवा काढून टाकून, त्यांत किंचित बेंझॉइल पेरॉक्साइड घातले आणि मिश्रण ६० अंश सेल्सिअस तापमानात ठेवले, म्हणजे काही तासांत ते दाट होऊ लागते. पेरॉक्साइडचा रेणू उष्णतेने दुभंगून त्यापासून मुक्त मूलके, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असलेले रेणुखंड, निर्माण होतात. असे मूलक व्हिनिल रेणूच्या द्विबंधाशी जोडले जाते, तेव्हा ते एकटेपण नव्या टोकाकडे जाते; ते टोक पुढचा रेणू पकडते. अशी शेकडो-हजारो एककांची साखळी बनते. तीत दोन प्रकारची एकके गुंफली गेली, की तिला सहबहुवारिक म्हणतात.

साखळीत कोणते एकक किती यावे, याचे गणित अमेरिकेतील फ्रँक मेयो आणि फ्रेडरिक लुईस यांनी १९४४ साली मांडले. टोकाला स्टायरीन असताना पुन्हा स्टायरीनच जोडून घेण्याची त्वरा आणि दुसरा रेणू जोडून घेण्याची त्वरा यांचे गुणोत्तर हा एक अंक; टोकाला मेथॅक्रिलेट असताना तसाच दुसरा. या जोडीसाठी दोन्ही अंक ०.५ च्या आसपास आहेत. अर्थात प्रत्येक टोकाला स्वजातीयापेक्षा परका रेणू दुपटीने प्रिय असतो. म्हणून मिश्रणात शंभरांतील ८० रेणू स्टायरीनचे असले, तरी आरंभी बनणाऱ्या साखळीत ते सुमारे ७३ च येतात.

हे अंक त्या त्या जोडीचे स्थिरांक होत, विद्रावकाशी त्यांचा संबंध नाही, असे दीर्घकाळ मानले गेले. समजूत निराधार नव्हती. या मूलकांवर विद्युत् भार नसतो. त्यामुळे आयनांप्रमाणे ती भोवतालच्या द्रवाला फारशी जुमानत नसावीत, असे वाटणे साहजिकच होते. कार्बन टेट्राक्लोराइड वाढत्या टोकाला क्लोरीन देऊन साखळी आखूड करते हे ठाऊक होते. परंतु तो लांबीचा प्रश्न झाला, संघटनाचा नव्हे.

अडचण आली ती हायड्रोजन बंध जोडणाऱ्या एकवारिकांपाशी. मेथॅक्रिलिक आम्ल बेंझिनात विरघळविले, तर त्याचे रेणू दोन-दोन एकमेकांना बिलगून राहतात. डायमिथिल फॉर्मामाइडमध्ये ही जोडपी फुटतात, कारण विद्रावकच आम्लाच्या रेणूंना धरून ठेवतो. स्टायरिनाबरोबर हे आम्ल वापरले, तर विद्रावक बदलताच ते ‘स्थिर’ अंक लक्षणीय बदलतात. ॲक्रिलामाइडचीही तीच गत.

मग साखळीच्या टोकाची आवडच बदलते काय? १९८७ साली अमेरिकेतील जेम्स हारवुड यांनी या प्रश्नाला वेगळे वळण दिले. चुंबकीय अनुस्पंदनाच्या साहाय्याने साखळीतील एककांचा क्रम तपासता येतो. आवड खरोखरच बदलत असती, तर निरनिराळ्या विद्रावकांत बनलेल्या, पण सारखेच संघटन असलेल्या साखळ्यांत तो क्रम सामान्यतः भिन्न दिसावयास हवा. प्रत्यक्षात तो सारखाच आढळला. पंगतीत एखाद्याच्या पानात भात अधिक दिसला, म्हणून त्याला भातच अधिक आवडतो असे ठरत नाही. त्याच्या ओळीकडे भाताचे पातेले अधिक वेळा फिरले असेल. हारवुड यांचे म्हणणे असेच होते. टोकाची आवड तीच राहते. टोकाजवळील पुरवठा मात्र संपूर्ण पात्रातील प्रमाणापेक्षा निराळा असतो. आम्लयुक्त साखळी अध्रुवीय द्रवात आपल्याभोवती आम्लाचेच रेणू गोळा करते, आणि त्यायोगे स्वतःच्या पुढील घडणीवर स्वतःच प्रभाव पाडते. बुटाच्या पट्ट्या ओढून स्वतःलाच उचलून धरण्याच्या कल्पनेवरून या परिणामास ‘बूटस्ट्रॅप’ असे नाव मिळाले.

हे स्पष्टीकरण आकर्षक असले, तरी सर्वत्र पुरेसे नाही. विद्रावकाची ध्रुवीयता जोडणीच्या क्षणी होणाऱ्या विद्युत् भाराच्या किंचित विलगीकरणास साहाय्य करू शकते; काही विद्रावक मूलकाशी दुर्बल बंधाने जोडले जातात; आणि टोकाच्या अलीकडील एककाचाही परिणाम काही जोड्यांत दिसतो. पुष्कळदा एकाच प्रयोगाच्या आकड्यांना यांपैकी दोन-दोन स्पष्टीकरणे लागू पडतात, हीच येथील खरी कठीण बाब.

व्यवहारात याचा अर्थ सरळ आहे. विद्रावकाचा उल्लेख नसलेल्या कोष्टकातील अंक हायड्रोजन बंध जोडणाऱ्या एकवारिकांसाठी डोळे मिटून घेता येत नाहीत. रंगलेपासाठी किंवा चिकटद्रव्यासाठी सहबहुवारिक बनविताना एक विद्रावक जाऊन दुसरा आला, तर कृती व प्रमाणे तीच ठेवूनही साखळ्यांतील आम्ल बदलू शकते. शिवाय एक एकवारिक लवकर संपल्यास आरंभीच्या आणि अखेरच्या साखळ्यांत तफावत पडते. म्हणून अधिक वेगाने खर्च होणारे एकवारिक पात्रात एकदम न ओतता थोडे थोडे सोडतात, आणि ते किती वेगाने सोडावे हे प्रत्येक विद्रावकासाठी नव्याने मोजून ठरवितात.