पगाराच्या आकड्यामागची वर्षं

सरकारी पगारांचा विषय निघाला की ‘पोलीस अधिकाऱ्याला डॉक्टरपेक्षा जास्त मिळतं’ आणि नेमकं याच्या उलट, अशी दोन्ही विधानं सारख्याच ठामपणे केली जातात. सातव्या वेतन आयोगाचा तक्ता समोर घेऊन बसलो, तेव्हा दोन्ही अर्धीच खरी असल्याचं ध्यानात आलं.

तुलना बरोबरीच्यांची हवी. म्हणून मी भारतीय पोलीस सेवा आणि केंद्रीय आरोग्य सेवेतले तज्ज्ञ यांच्यापुरतंच पाहतो. महाराष्ट्रात पोलीस शिपायाचं मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून सुरू होतं. ती कथा वेगळी.

पोलीस अधिकारी कोणत्याही शाखेच्या पदवीवर ५६,१०० रुपयांवर रुजू होतो. तज्ज्ञ डॉक्टरची सुरुवात ६७,७०० वर होते. वरवर डॉक्टर पुढे. पण एमबीबीएसची साडेपाच वर्षं, पदव्युत्तर शिक्षणाची तीन आणि अनुभवाची तीन धरली, तर तो तिशीला टेकतो. पंचविशीत रुजू झालेला पोलीस अधिकारी चार वर्षांच्या सेवेनंतर त्याच स्तरावर पोचू शकतो.

पुढे डॉक्टर झपाट्याने चढतो. जागा रिकामी होण्याची वाट न पाहता तेरा वर्षांच्या सेवेनंतर तो १,४४,२०० पासून सुरू होणाऱ्या स्तराला पात्र ठरतो. पोलीस महानिरीक्षकाचा स्तर हाच. तिथे पोचायला साधारण अठरा वर्षं लागतात. म्हणजे त्रेचाळिशीच्या सुमारास दोघं एका पायरीवर येतात. त्यानंतर पोलिसांची शिडी २,२५,००० पर्यंत जाते. डॉक्टरांसाठी वर मोजकीच पदं उरतात.

डॉक्टरला वेगळा मिळतो तो व्यवसायरोध भत्ता, मूळ वेतनाच्या २० टक्के. ६७,७०० वर तो १३,५४० होतो. खासगी व्यवसाय न करण्याची ही भरपाई.

खरा फरक मला इथेच दिसतो. पोलिसाच्या अधिकाराला नोकरीबाहेर बाजार नाही. शल्यचिकित्सकाच्या हाताला आहे. त्यामुळे डॉक्टर आपला पगार पोलीस अधिकाऱ्याशी ताडून पाहत नाही, समोरच्या खासगी रुग्णालयाशी पाहतो. ग्रामीण आरोग्य सांख्यिकी २०२१-२२ नुसार ग्रामीण भागातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत गरजेच्या मानाने सुमारे ८० टक्के तज्ज्ञ कमी होते. एकट्या पगाराने ही तूट पडली असं म्हणता येणार नाही. पण दोन खात्यांचे स्तर जुळवले म्हणजे न्याय झाला, असं मानणाऱ्यांनी हा आकडाही तक्त्याशेजारी ठेवावा.