बाप्तिस्मा : एका शब्दाचा प्रवास

आज आपण एकच शब्द घेऊ या : बाप्तिस्मा. इंग्रजीत ‘बॅप्टिझम’ म्हणतात. मग मराठीत शेवटी हा ‘मा’ कुठून आला? तर मूळ ग्रीक शब्दच ‘बाप्तिस्मा’ असा आहे.

ग्रीकमध्ये ‘बाप्तो’ म्हणजे बुडवणे. रंगात कापड बुडवतात, तेही बाप्तो. त्यावरून ‘बाप्तिझो’ झाला. जहाज बुडालं, तरी हेच क्रियापद. प्लुटार्कने तर कर्जात बुडालेल्या माणसासाठी ते वापरलंय. म्हणजे आपल्या मराठी ‘बुडणे’सारखंच की!

आता त्याच्याही मागे जाऊ. आपल्या पनवेलमध्ये बेथ एल सिनेगॉग आहे. बेने इस्रायली समाजाची प्रार्थनेची भाषा हिब्रू. त्या भाषेत बुडी मारण्याला ‘तावल’ म्हणतात. जुन्या करारात कुष्ठरोगी नामान यार्देन नदीत सात वेळा बुडी मारतो, तिथे हेच क्रियापद आहे. ख्रिस्तपूर्व काळात यहुद्यांनी शास्त्राचं ग्रीक भाषांतर केलं, तेव्हा या ठिकाणी ‘बाप्तिझो’ वापरला. पुढे योहान लोकांना बाप्तिस्मा देऊ लागला, तो याच नदीत.

मग सरळ मराठी शब्द का नाही घेतला? घेतला ना. कॅथलिक मंडळी ‘स्नानसंस्कार’ म्हणतात. शब्द चटकन कळतो. पण आपल्याकडे स्नान रोजचं, पर्वणीचं, सुतकानंतरचंही. ते पुन्हा पुन्हा करायचं असतं, बाप्तिस्मा मात्र आयुष्यात एकदाच. प्रॉटेस्टंट मंडळींनी ग्रीक शब्द तसाच ठेवला. त्याने स्नानाशी गल्लत टळते. पण अर्थ मात्र प्रत्येकाला समजावून सांगावा लागतो.

‘बुडवणे’ असं भाषांतर केलं असतं तर? बंगालीत बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी तसं केलं. त्यावर वाद पेटला. डोक्यावर पाणी ओतणं किंवा शिंपडणं पुरेसं मानणाऱ्या पंथांना ते चालेना. बायबल सोसायटीने मदत नाकारली. शेवटी 1840 मध्ये बॅप्टिस्टांनी वेगळी संस्था काढली. एका क्रियापदापायी!

पौल रोमकरांना लिहिलेल्या पत्रात बाप्तिस्म्याला ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं म्हणतो. जुनं आयुष्य संपलं, नवं सुरू झालं. महाराष्ट्रात हे किती खरं होतं, ते ना. वा. टिळकांकडे पाहून कळतं. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जात तुटली, आप्त दुरावले, लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. ‘स्मृतिचित्रे’त ते सगळं आलंय.

त्या काळी मंडळीत म्हणत, ‘बाप्तिस्मा झाला’. गावात म्हणत, ‘बाटला’. घटना एकच. म्हणून जुन्या कागदात यातला कुठलाही शब्द दिसला, की आधी विचारावं : बोलणारा कोणत्या काठावर उभा आहे?