आजाराबद्दल बोलणारा माणूस

शनिवारी दुपारी आमच्या स्वमदत गटाची बैठक असते. पंधरा-वीस प्लास्टिकच्या खुर्च्या, चहाचा थर्मास आणि बहुतेक करून थकलेले आई-वडील. परवा बोलायला उभा राहिला तो पस्तिशीतला, एका घाऊक दुकानात हिशेब लिहिणारा. म्हणाला, ‘‘मी चौदा वर्षं स्किझोफ्रेनियाबरोबर राहतोय. आत्ता येताना बसमध्येही आवाज होता. म्हणत होता, परत जा. मी आलो.’’

कोणी तरी हसलं, मग सगळेच हसले. तोही.

स्किझोफ्रेनियाला मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात, आणि या शब्दानेच निम्मा घोटाळा केला आहे. एका शरीरात दोन माणसं, असं काही या आजारात नसतं. नसलेले आवाज ऐकू येणं, कोणी आपल्या वाईटावर आहे याची पक्की खात्री वाटणं, विचारांची साखळी तुटणं ही त्याची ठळक लक्षणं. घरच्यांना जास्त छळतात ती मात्र दुसरी : आंघोळ नको, बोलणं नको, दिवसभर पडून राहणं. याला आपल्याकडे सर्रास आळस म्हणतात. जगात साधारण दर ३०० माणसांत एकाला हा आजार असतो आणि बहुधा तो ऐन कॉलेजच्या किंवा नोकरीच्या उमेदवारीच्या वयात गाठतो.

प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतल्या एक बाई उठल्या. त्यांचा मुलगा बावीस वर्षांचा, गोळी जिभेखाली लपवतो आणि नंतर थुंकतो. हाच प्रश्न त्यांनी मला तीनदा विचारला होता आणि मी तिन्ही वेळा शास्त्रशुद्ध उत्तर दिलं होतं : औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी वर्षभरात चारांतल्या एकाचा आजार उलटतो, थांबवणाऱ्यांपैकी दहांतल्या सहांचा. उत्तर बरोबर होतं, पण त्यांच्या उपयोगाचं नव्हतं.

त्यांनी त्याला विचारलं, ‘‘बाळा, तू कशाने घ्यायला लागलास रे?’’

तो बराच वेळ गप्प राहिला. ‘‘मला वाटायचं गोळीत विष आहे. आई म्हणायची, असं काही नाही. मग वाटायचं, हीपण त्यांना सामील. एकदा ती वाद न घालता म्हणाली, तुला किती भीती वाटत असेल. तेव्हा मी रडलो. गोळी सुरू केली ती त्यानंतर आठ महिन्यांनी.’’

ते ‘आठ महिन्यांनी’ मला फार महत्त्वाचं वाटलं. डॉक्टर आशा देताना नकळत घाई करतात.

पॅट्रिक कॉरिगन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ७२ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. मोठ्या माणसांच्या मनातले पूर्वग्रह माहितीपर व्याख्यानांपेक्षा, आजार असलेल्या माणसाच्या प्रत्यक्ष भेटीने जास्त कमी होतात, असं त्यात दिसलं. (किशोरवयीनांत मात्र उलट, तिथे माहिती वरचढ ठरली.) अमेरिकेतल्या कायद्याच्या प्राध्यापक एलिन सॅक्स यांनी २००७ मध्ये आपला स्किझोफ्रेनिया आत्मचरित्रातून जगासमोर मांडला. औषध सोडून बघण्याचे आपले फसलेले प्रयत्नही त्यांनी झाकले नाहीत. आपल्याकडे पत्नीच्या आजाराचा अनुभव गाठीशी असलेले, कॅनडात संख्याशास्त्र शिकवणारे जगन्नाथ वाणी यांनी १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. ‘देवराई’ हा २००४ चा चित्रपट याच विषयावरचा. अशा गटांत रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. शब्द जरा गोड आहेत, पण ‘वेडा’ ऐकून आलेल्या माणसाला ते पुरतात.

अर्थात, अशा बोलण्याला धोकेही आहेत. एकाला लागू पडलेली गोळी दुसऱ्याने मागून घेतलेली मी पाहिली आहे. आणि बोलणाऱ्यालाही ते जड जातं. त्या रात्री झोप लागत नाही, जुने दिवस वर येतात. म्हणून आम्ही नुकत्याच सावरलेल्याला उभं करत नाही, बोलून झाल्यावर कोणी तरी घरापर्यंत सोबत जातं आणि दुसऱ्या दिवशी फोन होतो. काय सांगायचं नाही, हेही आधीच ठरवतो. या गृहस्थाने फोटो काढू दिला नाही. बहिणीचं लग्न जमतंय म्हणाला. त्यावर त्याच्याशी वाद घालण्याचा अधिकार मला नाही.

(तातडीने बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे.)

चहाच्या वेळी त्या बाईंनी त्याला पुन्हा गाठलं. घरी येशील का, मुलाशी बोलशील का, असं विचारलं.

‘‘इतक्यात नको, काकू. त्याला वाटेल, तुम्ही माणूस आणलात. नुसतं सांगा, शनिवारी इथे चहा असतो.’’