स्वतःची घंटा : बुलेट जर्नलसाठी साहित्य निवडताना

निवासी विद्यालयात वाढलेल्या मुलाला वेळेचे ओझे स्वतः वाहावे लागत नाही. उठण्याची घंटा, वंदनेची घंटा, भोजनाची घंटा, अभ्यासिकेची घंटा, शेवटी दिवे मालवण्याची घंटा. विद्यार्थिदशेत त्या घंटेचा आम्हांला राग येई. ती आमच्यासाठी किती मोठे काम करीत होती, हे विद्यालयाचे फाटक ओलांडून शहरातील महाविद्यालयात गेल्यावर कळले. तेथे घंटा वाजवणारे कोणी नव्हते.

पहिल्याच वर्षी शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाची अंतिम तारीख मी एका चिठ्ठीवर लिहून सदऱ्याच्या खिशात ठेवली. सदरा धुतला, चिठ्ठीही धुतली गेली. कागदाच्या लगद्यावर निळा डाग तेवढा उरला. तारीख तीस असावी, असे मला आठवत होते. ती वीस होती. त्या वर्षीचे शुल्क भरण्यासाठी वडिलांना मुकादमाकडून उचल घ्यावी लागली. दोष कोणाचाच नव्हता; माझ्यापाशी वही नव्हती, एवढेच. पुढे बुलेट जर्नल या पद्धतीची ओळख झाली, तेव्हा तिचे महत्त्व मला निराळे सांगावे लागले नाही.

या पद्धतीसाठी कोणते साहित्य घ्यावे, असे माजी विद्यार्थी आणि पालक हल्ली वारंवार विचारतात. त्यांच्यासाठी हा लेख.

पद्धत थोडक्यात

येथे बुलेट म्हणजे बंदुकीची गोळी नव्हे, मोटारसायकलही नव्हे. मुद्द्याच्या आरंभी छापल्या जाणाऱ्या ठळक टिंबाला मुद्रणाच्या परिभाषेत बुलेट म्हणतात. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे राहणारे डिझायनर रायडर कॅरल यांनी २०१३ साली ही पद्धत लोकांसमोर मांडली आणि २०१८ साली तिच्यावर पुस्तक लिहिले. लहानपणी त्यांना अवधान-न्यूनतेचे निदान झाले होते. विखुरणारे लक्ष आवरण्यासाठी स्वतःपुरत्या केलेल्या खटपटीतून ही पद्धत घडली.

वहीच्या आरंभी अनुक्रमणिका, त्यानंतर पुढील सहा महिन्यांची नोंद, मग प्रत्येक महिन्याचे पान आणि त्यापुढे रोजच्या नोंदी, अशी तिची रचना असते. करावयाच्या कामापुढे टिंब, प्रसंगापुढे लहान वर्तुळ, नुसत्या टिपणापुढे आडवी रेघ. काम झाले की टिंबावर फुली मारायची. राहिलेले काम महिनाअखेरीस नव्या पानावर हाताने पुन्हा लिहायचे आणि जुन्या ठिकाणी बाणाची खूण करायची. कीर्दीतील नोंद खतावणीत नेणाऱ्या आपल्याकडील दुकानदारांना हा प्रकार परका वाटणार नाही. एखादे काम तिसऱ्यांदा लिहिताना हात कंटाळतो आणि हे काम खरोखर करायचे आहे काय, असा प्रश्न मनात उभा राहतो. त्या प्रश्नातच या पद्धतीचे मर्म आहे.

त्यामुळे साहित्याची कसोटीही एकच ठरते : त्या वहीत खाडाखोड करताना, काम पुन्हा लिहिताना, पान वाया घालवताना हात कचरता कामा नये.

मी ही कसोटी चुकवूनच शिकलो. पहिल्या पगारातून एक महागडी परदेशी वही घेतली. तिचे पान इतके देखणे होते की त्यावर ‘रॉकेलची पावती शोधणे’ असे लिहिणे मला प्रशस्त वाटेना. सात पाने लिहून झाली आणि ती वही पेटीत गेली. ती अजून तेथेच आहे.

वही : आकार आणि आखणी

वही सतत जवळ राहिली पाहिजे. त्यासाठी ए-५ हा आकार सोयीचा. १४८ बाय २१० मिलिमीटर, म्हणजे झेरॉक्सच्या ए-४ कागदाची बरोबर निम्मी घडी. ती पिशवीत मावते आणि दिवसभराच्या नोंदीही एका पानावर बसतात. खिशातील छोटी वही जागा पुरत नाही म्हणून, आणि मोठे रजिस्टर बरोबर नेले जात नाही म्हणून मागे पडते.

या पद्धतीसाठी विकल्या जाणाऱ्या वह्यांत बहुधा पाच-पाच मिलिमीटर अंतरावर फिकट ठिपके असतात. ठिपक्यांमुळे ओळ सरळ राहते, तक्ताही आखता येतो आणि पान मोकळे दिसते. सोय चांगली आहे. परंतु ती अनिवार्य नाही. गणिताची चौकटीची वही जवळजवळ तेच काम करते. एकरेघी वहीही चालते; पट्टीने एक उभी रेघ मारली की खुणांसाठी समास तयार होतो.

किती पानांची वही घ्यावी, याचे गणित सोपे आहे. अनुक्रमणिकेला ४ पाने, सहा महिन्यांच्या नोंदीला ४, प्रत्येक महिन्याला २ याप्रमाणे १२ आणि रोज एक पान धरून सुमारे १८०. बेरीज झाली २००. म्हणजे नेहमीची दोनशे पानी वही सहा महिन्यांना पुरते. पानांवर क्रमांक छापलेले नसतील तर पहिल्याच दिवशी हाताने घालावेत. क्रमांकांवाचून अनुक्रमणिका निरुपयोगी ठरते.

कागद आणि बांधणी

कागदाच्या वेष्टनावर ‘जीएसएम’ असा आकडा असतो. एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन, असा त्याचा अर्थ. ८० जीएसएमच्या एका ए-४ पानाचे वजन सुमारे पाच ग्रॅम भरते. शाळेच्या साध्या वह्यांचा कागद बहुधा याहून हलका असतो. बॉलपेनसाठी तो पुरेसा आहे. जेलपेन किंवा शाईपेन वापरणाऱ्याने मात्र ८० च्या आसपासचा किंवा त्याहून जाड कागद पाहावा.

तथापि केवळ वजनावर विसंबू नये. कागद तयार करताना त्याला खळीसारखे द्रव्य देतात. ते नीट बसले असेल तरच शाई पृष्ठभागावर टिकते. म्हणून दुकानात आपले नेहमीचे पेन न्यावे आणि परवानगी घेऊन शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात एक ओळ लिहावी. मग तीन गोष्टी पाहाव्यात : अक्षराच्या कडा फुटून शाई पसरते काय, शाई पाठीमागे उतरते काय आणि मागून अक्षरांची सावली दिसते काय. सावली चालवून घेता येते. शाई पाठीमागे उतरत असेल तर निम्मी वही वाया जाते. वह्या वेष्टनात बंद असतील तर आधी एकच विकत घ्यावी.

बांधणीचे चार प्रकार आढळतात. मधोमध पिना मारलेली वही स्वस्त आणि पातळ. पिना सैल झाल्या की मधली पाने निसटतात. केवळ गोंदाने चिकटवलेली वही सपाट उघडत नाही. बळेच उघडली तर पाठ मोडते. स्पायरल वही छान उलटते. मात्र तिचे पान सहज फाडता येते आणि पान फाटले की पृष्ठक्रम तुटतो. शिवाय डावखुऱ्या मुलांच्या हाताला तिची तार टोचते. दोऱ्याने शिवलेली वही सपाट उघडते आणि अधिक टिकते. पेठेत दोन वह्या सारख्या किमतीच्या दिसल्या तर शिवलेली निवडावी.

लेखणी आणि शाई

बॉलपेनची शाई तेलकट आणि घट्ट असते. ती लवकर वाळते, पातळ कागदावरही मागे उतरत नाही. डावखुऱ्यांसाठी आणि साध्या वहीसाठी तेच सर्वांत भरवशाचे. जेलपेनची शाई पाण्यावर आधारलेली, अक्षर गडद आणि लिहिणे हलके. परंतु ती वाळायला थोडा अवधी द्यावा लागतो. शाईपेनाने लिहिण्याचे सुख काही और असते; मात्र त्याची नेहमीची निळी शाई पाण्यात विरघळते. माझ्या चिठ्ठीचे तेच झाले होते. महत्त्वाच्या तारखा नोंदवायच्या असतील तर पाण्याने न जाणारी शाई घ्यावी. ०.५ ते ०.७ मिलिमीटरचे टोक देवनागरी अक्षराला बेताचे असते. त्याहून जाड टोकाने जोडाक्षरांची पोटे भरून येतात.

खोडता येणारी म्हणून विकली जाणारी काही पेने घर्षणाच्या उष्णतेने शाई अदृश्य करतात. सुमारे ६० अंश सेल्सिअसला ती शाई दिसेनाशी होते. वैशाखात उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत वही राहिली तर पानेच्या पाने कोरी होऊ शकतात. नोंदवहीसाठी ते पेन टाळावे. या पद्धतीत चूक खोडायची नसते. तिच्यावर एक रेघ ओढून पुढे जायचे असते.

याशिवाय एक छोटी पट्टी पुरे. रंगीत पेनांचे संच, चिकटचित्रे, नक्षीच्या चिकटपट्ट्या आज या पद्धतीच्या नावाने विकल्या जातात. ज्यांना सजावटीत आनंद आहे त्यांनी तो जरूर घ्यावा. परंतु प्रारंभी हे काही विकत घेऊ नये. सजवलेले पान चुकले की वाईट वाटते, आणि वाईट वाटू लागले की वही बंद होते. तीन महिने नियमाने लिहिल्यावर काय उणे आहे ते वहीच सांगेल.

आधी स्वतः शिवून पाहा

पैसे खर्च करण्यापूर्वी एक वही स्वतः शिवावी, असे मी सुचवीन. वसतिगृहात राहिलेल्यांना हे नवे नाही. मागील वर्षाच्या वह्यांतील कोरी पाने काढून आपण जूनमध्ये वह्या शिवतच होतो. ए-४ चे बारा कागद एकत्र मधोमध घडी घालावेत. ४८ पाने होतात. जुन्या दिनदर्शिकेच्या जाड पानाचे वेष्टन घालावे. घडीवर दाभणाने तीन छिद्रे पाडावीत. सुई मधल्या छिद्रातून आत न्यावी, वरच्या छिद्रातून बाहेर काढावी, बाहेरून लांब टाका घेऊन खालच्या छिद्रातून आत आणि पुन्हा मधल्या छिद्रातून बाहेर आणावी. लांब टाका मध्ये धरून दोन्ही टोकांची गाठ मारावी. कोऱ्या पानाखाली गणिताच्या वहीचे चौकटीचे पान सरकवले की ओळीही सरळ येतात. ही वही महिना-दीड महिना चालते. तेवढ्या काळात आपल्याला किती जागा लागते, कोणते पेन रुचते, मुख्य म्हणजे ही पद्धत आपल्याला मानवते की नाही, हे समजून येते.

पालकांना एक विनंती

दहावी-बारावीनंतर घराबाहेर पडणाऱ्या मुलाला किंवा मुलीला भेट द्यायची असेल तर एक शिवलेली दोनशे पानी वही आणि दोन बॉलपेने द्यावीत. पहिल्या पानावर शिष्यवृत्तीच्या, प्रवेशाच्या आणि परीक्षेच्या तारखा त्यांच्याकडूनच लिहून घ्याव्यात. त्यानंतर मात्र ती वही तपासू नये. कोणी पाहणार आहे असे वाटले की माणूस खरे काम लिहीत नाही, दाखवण्याजोगे लिहितो. फुली न पडलेल्या टिंबांचा हिशेब ज्याचा त्यानेच ठेवायचा आहे.

माझ्या टेबलावर सध्या गणिताची चौकटीची वही आहे. पुठ्ठ्याचे कोपरे झिजले आहेत, पानोपानी खाडाखोड आहे. विद्यालयाची घंटा ऐकू येण्याच्या अंतरावर मी आता राहत नाही. रात्री दिवा मालवण्यापूर्वी ही वही उघडतो, दुसऱ्या दिवसाची टिंबे मांडतो आणि मगच झोपतो.