हिवाळ्यातील नोएडा : पहाटेची हवा आणि आपला श्वास

पहाटे उठावे, दारे-खिडक्या उघडाव्यात, मोकळ्या हवेत चार पावले चालून यावे, ही शिकवण मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या दिली जाते. बहुतेक गावांसाठी ती योग्यच आहे. नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून नोएडात स्थायिक झालेल्या कुटुंबांनी मात्र ऑक्टोबरअखेरपासून जानेवारीपर्यंत ती बाजूला ठेवावी. या काळात येथील पहाट ही दिवसातील सर्वाधिक दूषित वेळांपैकी एक असते.

हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर निवते. तिच्या लगतची हवाही थंड होऊन खाली बसते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा पसरतो. मुंबई-कोकणात खारे वारे हवा काही प्रमाणात हलती ठेवतात. समुद्रापासून दूर असलेल्या गंगा-यमुनेच्या मैदानात ती सोय नाही. वाहनांचा व डिझेल जनरेटरचा धूर, बांधकामांची व रस्त्यांची धूळ, जळणारा कचरा, तसेच भाताच्या कापणीनंतर पंजाब-हरियाणात पेटवलेल्या शेतांचा वाहत आलेला धूर, हे सर्व त्या झाकणाखाली कोंडून राहते. ऊन चढले की झाकण सैल होते. म्हणून दुपारी साधारण १ ते ४ या वेळेत हवा त्यातल्या त्यात बरी असते आणि सूर्यास्तानंतर ती पुन्हा बिघडू लागते.

सकाळी खिडकीबाहेर दिसणारा पांढुरका पडदा धुक्याचाच असतो, असे नाही. डोळे चुरचुरत असतील, घसा खवखवत असेल, हवेला जळका वास असेल, तर ते धुरके समजावे.

या हवेतील सर्वांत घातक घटक म्हणजे ‘पीएम २.५’ हे सूक्ष्म कण. त्यांचा व्यास २.५ मायक्रॉन किंवा त्याहून कमी, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे पंचविसाव्या ते तिसाव्या हिश्श्याइतका असतो. नाकातील केस आणि घशातील चिकट द्रव त्यांना पुरेसे अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात व त्यांतील अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. खोकला आणि दमा हे परिणाम सर्वांना ठाऊक आहेत. हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा हवेशी असलेला संबंध अजूनही अनेक घरांत लक्षात घेतला जात नाही. गर्भवतीने अशा हवेत दीर्घकाळ श्वास घेतल्यास बाळाचे जन्मवजन कमी राहण्याचा धोका वाढतो. लहान मुले वजनाच्या मानाने अधिक हवा आत घेतात आणि त्यांची फुप्फुसे अद्याप वाढत असतात.

पीएम २.५ साठी भारतातील २४ तासांची मर्यादा प्रति घनमीटर ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ ची शिफारस केली. घरच्या निर्णयासाठी मात्र हवा गुणवत्ता निर्देशांक अधिक सोयीचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अ‍ॅपवर तो दिसतो. नोएडात सेक्टर १, ६२, ११६ आणि १२५ येथे मापन केंद्रे आहेत. आपल्याला जवळचे केंद्र पाहावे. निर्देशांक २०० च्या पुढे गेल्यास हवा ‘खराब’, ३०० च्या पुढे ‘अतिखराब’ आणि ४०० च्या पुढे ‘गंभीर’ मानली जाते. ‘गंभीर’ हवेचा त्रास निरोगी माणसालाही होतो. १ नोव्हेंबर २०१९ रोजी दिल्ली परिसरात आरोग्य आणीबाणी जाहीर करून ५ नोव्हेंबरपर्यंत बांधकामे थांबवावी लागली होती.

निर्देशांक २०० च्या वर असताना ज्येष्ठांनी पहाटेचे फिरणे बंद ठेवून घरातच हलका व्यायाम करावा. आजोबांची वर्षानुवर्षांची सवय मोडणे सोपे नसते, हे आम्ही जाणतो. फिरणे दुपारवर ढकलण्याचा आग्रह घरच्यांनीच धरावा. खिडक्याही दुपारीच थोडा वेळ उघडाव्यात. केर कोरड्या झाडूने काढण्याऐवजी ओल्या फडक्याने फरशी पुसावी. उदबत्ती, धूप व डासांची कॉइल शक्यतो टाळावी. बाहेर जाणे अटळ असल्यास एन-९५ मास्क नाक-हनुवटीला घट्ट बसेल असा लावावा. रुमाल, ओढणी किंवा ओले फडके हे कण अडवत नाही. मास्क लावून दम लागत असेल, तर तो काढून घरात परतावे.

थंडीमुळे होणारी एक चूक थेट जिवावर बेतते. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. सोसायटीचे सुरक्षारक्षक व घरकामाला येणाऱ्या ताई यांनाही हे आवर्जून सांगावे. त्यांच्या खोल्या लहान असतात.

दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी नियमित औषधे बरे वाटले म्हणून बंद करू नयेत. इनहेलरची सवय लागते हा समज निराधार आहे. हिवाळा सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटून मात्रा तपासून घ्यावी आणि तातडीचा इनहेलर घरात सर्वांना सापडेल अशा जागी ठेवावा.

दम लागून एक वाक्य सलग बोलता न येणे, ओठ निळसर होणे, मुलाच्या बरगड्यांमधील जागा श्वासागणिक आत ओढली जाणे, छातीतील कळ हाताकडे वा जबड्याकडे जाणे, चेहरा एका बाजूला वाकडा होणे, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळ होण्याची वाट पाहू नये. १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत रुग्णाला बसते ठेवावे, कपडे सैल करावेत आणि दम्याच्या रुग्णास त्याचा तातडीचा इनहेलर द्यावा.